देशी गाडी कशाला म्हणायचं

"एका ओळीत लिहा, मिसेस मोरे," एस.ई. साहेब म्हणाले. "पाहणी केली, गाडी देशी बनावटीची आहे. खाली सही. झालं."

मी पेन उघडलं आणि परत बंद केलं.

एस.ई. म्हणजे सुपरिंटेंडिंग इंजिनियर, माझे वरिष्ठ. मी म्हैसुरात सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये असिस्टंट इंजिनियर होते. गाड्या दुरुस्त करून घ्यायच्या, जुन्या मोडीत काढायच्या आणि नव्या घेताना 'इन्स्पेक्शन रिपोर्ट' द्यायचा, हे माझं काम. परदेशी कंपन्या नुकत्याच आपल्याकडे कारखाने काढू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांसाठी सहा मोठ्या गाड्या घ्यायच्या होत्या. वरून सर्क्युलर होतं, की सरकारी माणसांनी देशी बनावटीचीच गाडी घ्यावी. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या पलटणीतलं. आमच्या घरी साबणसुद्धा देशी असायचा.

ट्रायलला दोन गाड्या आल्या होत्या. पहिलीवर आपल्याकडच्या जुन्या कंपनीचं नाव. दुसरीवर परदेशी कंपनीचं. साहेबांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपला होता.

आमचे फोरमन रहमतभाई. लष्कर मोहल्ल्यातले, तीस वर्षं गाड्यांखाली गेलेली. त्यांनी आदल्या दिवशी दोन्ही गाड्या पिटवर घेतल्या होत्या. पिट म्हणजे जमिनीतला खड्डा. वर गाडी उभी करतात आणि खाली माणूस उतरतो. मीही उतरले. रहमतभाईंनी टॉर्च धरला.

"मॅडम, हे वाचा," ते म्हणाले.

पहिल्या गाडीच्या गिअरबॉक्सवर परदेशी लिपीतली अक्षरं ओतलेली होती. इंजिनाच्या ब्लॉकवर तीच. स्टिअरिंगवर तीच. सांगाडा, पत्रा, सीट आणि टायर तेवढे आपले. त्याला आमच्या भाषेत सीकेडी म्हणतात. सुटे भाग पेट्यांत भरून बाहेरून येतात आणि इथे जोडले जातात.

मग आम्ही दुसरी गाडी पिटवर घेतली. तिचा ब्रेक होज, म्हणजे ब्रेकचं तेल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी, कडकोळच्या कारखान्यात बनलेली. आमच्या ऑफिसपासून अर्ध्या तासावर. सांध्यांत बसणारे रबरी बुश तिथलेच. क्लच प्लेट, रेडिएटर, गिअरचे दाते, सगळ्यांवर इथलेच शिक्के.

"आता कुठली देशी म्हणायची?" रहमतभाईंनी विचारलं. 

साहेबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोनेटकडे बोट दाखवलं.

"बॅज कुणाचा आहे?"

"सर, सर्क्युलरमध्ये बॅज म्हटलेलं नाही. बनावट म्हटलंय."

"पेपरवाले गाडीखाली जाऊन बघणार आहेत का?"

"सही माझी आहे, सर."

ते चिडले, पण मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "बरं. मग लिहून द्या. मी बेंगळुरूला क्लॅरिफिकेशन मागवतो."

मी चार पानं लिहिली. कुठला भाग कुठला, तक्त्यासकट. खरं सांगते, मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

शिक्क्यांची खात्री करायला मी कडकोळला गेले. होजच्या तपासणीच्या टेबलाशी चाळिशीतल्या एक बाई बसल्या होत्या. प्रत्येक नळी वाकवून, बोटाने चाचपून बघत होत्या. माझ्या कार्डावरचं नाव वाचून त्या मराठीत बोलायला लागल्या.

"मोरे म्हणजे आपलेच की हो तुम्ही!"

त्या कमलाबाई. शिंप्यांच्या घरातल्या. नवऱ्याचं लष्कर मोहल्ल्यात शिलाईचं दुकान. रेडिमेड कपडे आले, दुकान मंदावलं, तशा त्या इथे लागल्या. मी कशाला आले ते त्यांना सांगितलं.

"ही गाडी परदेशी म्हणतात काय?" त्यांनी हातातली नळी माझ्यापुढे धरली. "मग हे मी काय करते बसून? माझे हात परदेशी आहेत, अल्वा?"

'अल्वा' म्हणजे कानडीत 'नाही का'. आमच्याकडच्या मराठीत ते असं मधेच येतं. शेजारच्या टेबलावरच्या बाया हसल्या. कमलाबाई हसत नव्हत्या.

मी परत आले ती ठरवूनच. दुसरी गाडीच खरी देशी, आणि ती घ्यायला लावायची.

आणि मग काहीच झालं नाही. फाईल बेंगळुरूला गेली आणि तिथेच राहिली. एक महिना गेला, दोन गेले. मी आठवड्याला एक फोन करायची. "पुटअप केलंय", म्हणजे वरच्या साहेबांपुढे ठेवलंय, एवढंच ऐकू यायचं.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस दुपारी वर्कशॉपमध्ये एक गृहस्थ आले. शर्ट घामाने भिजलेला, खांद्याला निळा डबा. हेग्गडदेवनकोटे, आम्ही नुसतं कोटे म्हणतो, त्या तालुक्याचे आरोग्य अधिकारी, डॉक्टर शिवण्णा. त्यांची जुनी गाडी मीच मोडीत काढली होती.

"गाडीचं कुणामुळे अडलंय?" त्यांनी विचारलं.

"माझ्यामुळे," मी म्हणाले आणि तक्ता दाखवायला लागले. इंजिन कुठलं, होज कुठला. त्यांनी दोन ओळी वाचल्या असतील. मग डबा टेबलावर ठेवून झाकण उघडलं. आत पाणी होतं. पाण्यात लशीच्या बाटल्या तरंगत होत्या.

"ही बर्फात न्यावी लागते. आज बस दोन तास बंद पडली. आता ही टाकून द्यायची. तिकडे जंगलाच्या कडेला हाडीवर बायका पोरं घेऊन बसल्यात." हाडी म्हणजे आदिवासींची वस्ती. "मॅडम, तुमची नळी कडकोळची की कुठली, ते मला सांगू नका. गाडी कधी, ते सांगा."

रहमतभाई मागे उभे होते. त्यांनी मान खाली घातली. मीही. तीन महिने मी प्रत्येक नटबोल्टाची विचारपूस केली होती. गाडी ज्यांना चालवायची, त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

"डॉक्टर, दोन्ही गाड्या अजून आमच्याकडेच आहेत," मी म्हणाले. "उद्या तुमच्या रस्त्यावर घेऊन येते. तुम्ही बसून बघा."

साहेबांची परवानगी मागितली. ते म्हणाले, "आता बेंगळुरूच्या आधी कोटेला विचारणार?" पण हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. एक गाडी रहमतभाईंनी घेतली, एक मी. कोटेपर्यंत दोन्ही छान चालल्या. पुढे हाडीकडचा रस्ता म्हणजे दगड आणि चाकोऱ्या. दुसरी गाडी, माझी लाडकी, पोटाने बुटकी. पहिल्याच ओढ्यात तिचं पोट दगडावर घासलं. दुसऱ्या चढाला ती अडकली. चौघांनी ढकलून काढली. पहिली गाडी हादरत, धूर सोडत वरपर्यंत गेली. डॉक्टर तिच्यातून उतरले, मागचं दार उघडून बर्फाचा डबा बसतो का ते पाहिलं आणि म्हणाले, "ही."

"तिचा गिअरबॉक्स बिघडला तर भाग बाहेरून यायला महिना लागेल," मी म्हणाले.

"तो तुमचा प्रश्न आहे, अम्मा. माझा तुम्ही आत्ता सोडवलात."

परतताना वाटेत चहाला थांबलो. रहमतभाई म्हणाले, "मॅडम, मलासुद्धा दुसरीच आवडली होती."

त्या रात्री घरी बसून मी नवा रिपोर्ट लिहिला. अर्धं पान. 'मुख्य भाग परदेशी, जोडणी देशी. तालुक्याच्या रस्त्याला योग्य. कंपनीने गिअरबॉक्स आणि क्लचचे सुटे भाग म्हैसुरात साठवून ठेवावेत, या अटीवर शिफारस.'

साहेबांनी वाचला. "हे तीन महिन्यांपूर्वी का नाही लिहिलंत?"

"तेव्हा मी कोटेला गेले नव्हते, सर."

बेंगळुरूची वाट न बघता त्यांनी सही केली. आठवड्याभरात ऑर्डर निघाली. गाड्या आल्यावर पंधरा दिवसांनी बेंगळुरूचं क्लॅरिफिकेशन आलं. 'प्रचलित आदेशांनुसार कार्यवाही करावी', एवढंच. बनावट म्हणजे काय, ते कुणीच सांगितलं नाही.

कमलाबाई एकदा मार्केटात भेटल्या. मी तोंड चुकवणार होते, पण त्यांनीच हाक मारली. "घेतली काय मग आमची गाडी?"

"नाही हो. ती जुन्या कंपनीची घेतली."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "असू दे. तिच्या नळ्या पण कधीतरी फाटतीलच की. तेव्हा आमच्याकडे पाठवा." आणि त्यांनी भाजीवाल्याशी भाव करायला सुरुवात केली.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले, की खरेदीच्या फाईलवर सगळ्यांच्या सह्या असतात, गाडीत बसणाऱ्याची तेवढी नसते. म्हणून मी आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून घेतला, 'वापरणाऱ्याचे मत'. साहेबांनी तो मंजूर केला. पुढच्या खरेदीचे फॉर्म माझ्याकडे आले तेव्हा सगळ्यांत तो रकाना भरलेला होता. अकरा फॉर्म, अकरा वेळा 'समाधानकारक', एकाच शाईत आणि आमच्या क्लार्कच्या सुंदर अक्षरात. गाड्या अजून कारखान्यातून निघायच्या होत्या.