सुई लाल झाल्यावरचे बारा किलोमीटर

मागच्या रविवारी भिवापूरहून वर्षाची मिरची घेऊन परत येत होतो. दोन गाड्या होत्या. पुढच्या गाडीत माझे साडू दिलीपभाऊ, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान… आणि मागच्या गाडीत मी, बायको आणि सासूबाई.

आधी एक कबुली देऊन टाकतो. मला दिलीपभाऊंचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, अगदी पोटात दुखतं.

सासुरवाडीत कूलरचा पंप बंद पडो की मिक्सर, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. मी शाळेत इतिहास शिकवतो, आणि बंद पडलेल्या पंपाला इतिहासाचा काही उपयोग नसतो. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण सासूबाईंनी मला अजून साधा बल्ब बदलू दिलेला नाही…

तर उमरेड सोडलं आणि टेम्परेचरची सुई वर चढायला लागली. बघता बघता लाल पट्ट्यात गेली. अशा वेळी गाडी तिथल्या तिथे बंद करायची असते, एवढं मलाही कळतं.

पण थांबलो असतो तर काय झालं असतं? बायकोने फोन लावला असता, दिलीपभाऊ गाडी वळवून आले असते, बाह्या सारून त्यांनी बॉनेट उघडलं असतं… आणि सासूबाईंनी स्वतःच्या पदराने त्यांना वारा घातला असता. नको रे बाबा! दोघी मागच्या सीटवर पेंगत होत्या. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि चालवत राहिलो.

पाचगाव जवळ आलं आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ निघाली, तेव्हा कुठे थांबलो. बारा किलोमीटर! दचकून उठलेल्या बायकोने विचारलं तर मी म्हणालो, "सुई वर गेली आणि लगेच बाजूला घेतली." तोवर दिलीपभाऊ घरी पोचलेसुद्धा होते.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत बेसाला आणली. तिथे आमच्या घराजवळच्या गॅरेजवाल्याने गाडीकडे धड न बघताच 'पूर्ण इंजिन उतरवावं लागेल' म्हणून छातीत धडकी भरेल असा आकडा सांगितला. मग शाळेतल्या एका सहकाऱ्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला जरीपटक्याचे एक म्हातारे मिस्त्री सुचवले. बुधवारी पुन्हा तशीच टोचन करून गाडी तिकडे नेली.

मिस्त्रींनी फुटलेला पाइप तात्पुरता बांधला, पाणी भरलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी सुरू केली… आणि पाण्यात उठणारे बुडबुडे बराच वेळ नुसते बघत राहिले. म्हणाले, "इंजिन उतरवाचं काम नाही साहेब. पण वरचं हेड, म्हंजे इंजिनचं झाकण, तापून वाकलं वाटते. काढून, घासून आणा लागंन. मजुरी नऊ हजार, सामान वेगळं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "सुई लाल झाल्यावर गाडी चालवली का?"

बायको शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "छे, लगेच थांबवली."

नऊ हजार ऐकताच व्हायचं तेच झालं. बायकोने भाऊजींना फोन लावला. वीस मिनिटांत दिलीपभाऊ हजर.

"लगेच थांबवली तं हेड कसं वाकंन?" ते मिस्त्रींवर चढलेच. "हे बुडबुडे नवीन पाण्यातल्या हवेचे हायत. पाइप बदलाची मजुरी पाचशे, अन् तुम्ही नऊ हजार सांगून राहिले? मास्तर माणूस पाहून फसवून राहिले काय?"

मुद्दा बिनतोड होता. मी सांगितलं ते खरं असतं तर…

आता लाज सोडून सांगतो. मला आनंद झाला! सोळा वर्षांत पहिल्यांदा दिलीपभाऊ चुकत होते, आणि ते फक्त मला माहीत होतं. नुसतं गप्प बसायचं. पाइप बदलायचा, आठवडाभराने इंजिन कायमचं बसेल, आणि मग साऱ्या सासुरवाडीत बोभाटा होईल की दिलीपभाऊंचा अंदाज चुकला. गाडी माझी, इंजिन माझं… आणि तरी मला गुदगुल्या होत होत्या.

मिस्त्री भांडले नाहीत. पुन्हा वाकून त्यांनी पाण्याकडे पाहिलं, कान लावून इंजिन ऐकलं. मग हात पुसत हळूच म्हणाले, "साहेब म्हणतात लगेच थांबवली… मंग माझंच चुकत असंन. वय झालं आता."

तिथे माझा जीव गलबलला. त्या माणसाची नजर आणि कान दोन्ही बरोबर होते, आणि माझ्या एका थापेमुळे तो स्वतःवरच शंका घेत होता.

"बारा किलोमीटर," मी म्हणालो. "लाल झाल्यावर बारा किलोमीटर चालवली."

बायकोने फक्त "बारा?" एवढंच विचारलं.

दिलीपभाऊ आता मला सगळ्यांसमोर सोलून काढणार, म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. पण ते माझ्याकडे वळलेच नाहीत. मिस्त्रींसमोर हात जोडून म्हणाले, "माफ करा मिस्त्री. माझं चुकलं, उगाच बोललो तुम्हाले. आता नऊ हजार बरोबर हायत, दोन दिवसाची मेहनत हाय. खोला."

मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "मले फोन काहून नाही केला गा? मी पुढंच तं होतो."



काल हेड काढलं, वाकलेलंच निघालं. मिस्त्रींची मी रीतसर माफी मागितली, त्यांनी हसून चहा पाजला. खूप आभार त्यांचे.

पण मनातलं सांगतो… मला खरं बोलायला तीन दिवस आणि एक इंजिन लागलं. दिलीपभाऊंना 'माझं चुकलं' म्हणायला श्वास घ्यायचाही वेळ लागला नाही. आता तर मी त्यांच्यावर पहिल्यापेक्षा जास्त जळतोय.