घाटातलं इंग्रजी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पाथर्डीच्या जीपवाल्याला मी जाणूनबुजून चुकीचं इंग्रजी शिकू दिलं. मी इंग्रजीचा मास्तर, म्हणून तो मला पुढं बसवायचा आणि गिअर टाकता टाकता विचारायचा, "लेंड म्हंजी उसनं घेनं, व्हय ना सर?" मागून बाया ओरडायच्या, "सायबा, रस्ता बघ की!" त्यानं सांगितलेला अर्थ उलटा होता; लेंड म्हणजे उसनं देणं. पण दुरुस्त केलं तर घाट उतरेपर्यंत प्रश्न संपणार नाहीत, म्हणून मी "बरोबर" म्हणायचो.

त्याच भरवशावर तो शिर्डीच्या हॉटेलात मुलाखतीला गेला. परदेशी पाहुण्यांसाठी ड्रायव्हर हवा होता. परत आल्यावर म्हणाला, "न्हाई घेतलं, सर. त्यान्लाच इंग्रजी येत न्हाई. तुमी तर बरोबर म्हनला हुता."

मी तेव्हाही मान डोलावली. चूक माझी होती, हे त्याला सांगणं अजून राहिलंय.