रेघेच्या अलीकडे-पलीकडे

शिंगणापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं रसवंतीगृह होतं. जागा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची, भाड्याने घेतलेली. पत्र्याचं शेड आणि चरक आमचा. मालकांना आम्ही आबा म्हणायचो. पाच वर्षांचा करार निम्माही झाला नव्हता, तेवढ्यात रस्ता रुंद होणार अशी बातमी आली.

मोजणीवाल्यांनी येऊन आमच्या फरशीवर लाल रेघ ओढली. रेघेपुढे चरक, गल्ला, बाकडी. मागे उसाच्या मोळ्या आणि चिपाडाचा ढीग. धंदा सगळा रस्त्यात जाणार आणि अडगळ आम्हाला उरणार होती.

आम्ही दोघं नवराबायको आबांकडे गेलो. "निम्मी जागा जाणार, तर भाडंही निम्मं करा," हे म्हणाले.

"जागा सरकार नेतंय, मी न्हाई," आबा शांतपणे म्हणाले. "करार हाय तसाच हाय."

"मग करारातली जागा आहे तेवढी द्या," मी म्हणाले. आम्ही चहा न घेताच उठलो.

नगरला एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, सगळी जागा गेली असती तर करारच संपला असता. थोडी गेली तर उरलेल्या जागेचा करार चालू राहतो, भाडं त्या मानाने कमी मागता येतं. पण कोर्टात किती काळ जाईल, ते त्यांनाही सांगता येईना.

मला खरी धास्ती वेगळीच होती. भूसंपादनाची नोटीस एकट्या आबांच्या नावावर आली होती. शेडचा मोबदलाही त्यांनाच मिळाला, तर आम्ही काय करणार? पंचनाम्याच्या दिवशी मी भांडायच्या तयारीनेच उभी होते. साहेबांनी विचारलं, "बांधकाम कोणाचं?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "जमीन माझी. पत्रा, फरशी, कट्टा या ताईंचा. त्यांच्या नावानं लिवा."

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "आबा, भाड्याचं तर तुम्ही ऐकेनात."

"भाडं माझं हाय, ते मी मागनार. शेड माझं न्हाई, ते कसं मागू?" मग म्हणाले, "मागच्या वावरातली पट्टी देतो. जागा पुरी करून देतो, तुमी भाडं पुरं द्या."

तसंच ठरलं. शेड मागे सरकलं, रस्ता झाला. पण त्याच्या मधोमध दुभाजक आला. दर्शन घेऊन परतणारी माणसं आमच्याकडे थांबायची, ती आता पलीकडून नुसती बघत निघून जायला लागली. यात दोष कुणालाच देता येत नव्हता.

उसाचा हंगाम संपताना मी आबांना सांगितलं, की आम्हाला आता हे परवडत नाही. कराराची मुदत बाकी होती, त्यामुळे ते अडून बसतील असं मला वाटलं होतं. "गिऱ्हाईकच न्हाई, तर तुमाला बांधून ठिवून काय करू?" ते म्हणाले, आणि त्याच आठवड्यात अनामत परत दिली.

आता नगरमध्ये सावेडीत आमचा ज्यूसचा गाळा आहे, तोही भाड्याचाच. करार करताना मी एक ओळ घालायला लावली: सरकारने जागेचा भाग घेतला, तर भाडं त्या मानाने कमी होईल. मालक हसले. "इथं कोण येतंय घ्यायला?"

"नसेल येत," मी म्हटलं, "पण लिहा."

त्यांनी लिहिलं.