गौतमीताईंचा जवसाचा लेप

दोन हजार तीन साली मी रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला होते आणि कारेगावात भाड्याच्या खोलीत राहत होते. आमच्या खोलीला लागूनच गौतमीताईंचं पार्लर होतं. पत्र्याचं छप्पर, एक खुर्ची, एक मोठा आरसा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली ओळीनं मांडलेले डबे. ताई तेव्हा तिशीच्या आतल्याच, पण बोलणं असं ठाम की चाळिशीच्या बायकाही त्यांच्यापुढं मान खाली घालून बसायच्या.

आम्हा कंपनीतल्या मुलींच्या केसांची दशा वाईट होती. बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की बादलीला आतून पांढरा थर बसायचा. त्या पाण्यानं न्हायचं आणि वर आठ तास कंपनीच्या टोपीत केस कोंबून ठेवायचे. सुट्टीच्या दिवशी फणी घातली की काथ्याच्या दोरीतून ओढल्यासारखं व्हायचं. एकीनं सांगितलं की मेंदी लावायची, दुसरीनं सांगितलं की अंडं. जी जे सांगेल ते आम्ही डोक्याला फासत होतो.

"आधी बस. हात लावू दे," ताई म्हणायच्या. ओल्या केसाची एकच बट दोन बोटांत धरायच्या आणि हळूच ताणायच्या. "हा रबरासारखा ताणतोय, मग तुटतोय. ह्याला अंडं चालंल." मग दुसरीची बट धरायच्या. " आन् तुझा बघ, ताणतच न्हाई, कडकन मोडतोय. ह्याला अंडं लावलंस तर केरसुणी होईल. तुला ओलावा पायजे."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. ताई मूळच्या शिरूरच्या. वडील नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होते. दहावीनंतर ताई दौंडला मावशीकडं राहिल्या आणि रेल्वे क्वार्टरमधल्या एका बाईंकडं सहा महिने पार्लरचं काम शिकल्या. लग्न होऊन कारेगावात आल्यावर त्यांना पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते नवऱ्याच्या दोस्ताची बायको. डोक्याला अंड्याचा लेप लावला आणि चांगल्या कढत पाण्यानं धुतला. "केसांत भुर्जी झाली गं!" हे सांगताना त्या स्वतःच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. ती बाई दोन दिवस पिवळे कण वेचत होती. मग केळं लावून पाहिलं, तर त्याच्या गुठळ्या केसांत वाळल्या.

तेव्हापासून त्यांनी नेम केला. काहीही नवीन आलं की आधी स्वतःच्या केसांवर. मधोमध भांग पाडायच्या, डाव्या बाजूला एक लेप, उजव्या बाजूला दुसरा, असं महिनाभर. जास्वंदीची पानं, भिजवलेली मेथी, कोरफड, दही, सगळं झालं. शेवटी ठरलं ते जवस. मूठभर जवस पाण्यात उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं लिबलिबीत झालं की गरम असतानाच सुती फडक्यातून गाळायचं. थंड झालं की ते फडक्यातून उतरत नाही. त्यात चमचाभर खोबरेल आणि कोरफडीचा गर. पुण्याहून एक विक्रेता केसांना लावायच्या तयार मास्कचे मोठे डबे घेऊन यायचा, त्यांचीही ताई परीक्षा घ्यायच्या. झाकण उघडून वास घ्यायच्या नाहीत. चिमूटभर ओल्या केसाला लावायचं आणि त्यातून बोट खाली न्यायचं. बोट घसरलं तर डबा ठेवायच्या, अडलं तर परत.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी मोनिका आली. माझ्याच कंपनीत होती, म्हणून मी ओळखत होते. बाळंतपणानंतर तिला टायफॉइड झाला होता. दीड महिना अंथरुणाला खिळून होती. तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि मी बघतच राहिले. मानेवर, दोन्ही मुठी जोडल्यावर होईल एवढा केसांचा गोळा झाला होता. पाठीवर पडून राहून, घामानं, न विंचरता तो दाबून बसवलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट बसला होता.

"शेजारच्या आक्काबाई म्हणत्यात जट आलीया," मोनिका पुटपुटली. "फणी लावायची न्हाई, कात्री लावायची न्हाई. देवीला जायचं म्हणत्यात. आत्याबाई घाबरल्याती. मला कामावर जायचंय ताई. ह्याच्यावर टोपी बसंना."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, सगुणाबाई. त्या दारातच उभ्या होत्या. धनगराचं घर. तरुणपणी त्या मेंढरांमागं कोकणापर्यंत जाऊन आलेल्या, आता दोन एकरावर स्थिरावलेल्या. त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली.

"तुमच्यात देवीचं काय मानत नसतील," त्या म्हणाल्या.

"न्हाई मानत, मावशी," ताई शांतपणे म्हणाल्या. "पन तुम्ही मानू नका असं मी सांगणार न्हाई. फकस्त हे बघा." त्यांनी मोनिकाची मान हलकेच वाकवली आणि गोळ्याच्या कडेचे चार केस बोटांनी सोडवून दाखवले. "सुटले का? आजारपणाचा गुंता हाय ह्यो. कात्री मी लावत न्हाई. सोडवते. तीन दुपारी लागतील. मधी तुम्हाला वाटलं की थांबावं, तर मी त्याच क्षणाला थांबंन."

सगुणाबाईंनी दाराशी चपला काढल्या. मग दारातून आत आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. "बघत बसते," एवढंच म्हणाल्या.

माझी रात्रपाळी होती, दुपार मोकळी. ताईंनी मला जवस गाळायला बसवलं. लेप तयार झाल्यावर त्यांनी कोमट पाण्याचा मग उचलला. आधी डोकं भिजवायचं, मग लेप, ही त्यांची नेहमीची रीत.

"अगं ए बाय!" सगुणाबाई एकदम ओरडल्या. "पाणी नगं घालू!"

ताईंचा हात थांबला. दिलेला शब्द होता. "का वो मावशी?"

"गुतल्याली लोकर वली केली की आनिक घट बसती. घोंगडं आमी तसंच बसवतो की, वलं करून, मळून. ह्ये सोडवायचं आसंल तर कोरडंच धर. त्याल लाव. मुरू दे."

ताईंनी पाण्याचा मग खाली ठेवला. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, माझ्या पार्लरात मला शिकवू नका. ताई म्हणाल्या, "बरोबर हाय तुमचं. मला सुचलं न्हाई." आणि खोबरेलाची बाटली उचलली.

तासभर तेल मुरवलं. त्यावर जवसाचा लेप थापला, वर पुण्याच्या डब्यातला मास्क. मग ताईंनी शेंड्याकडून सुरुवात केली. पण गोळा मधे कणीक मळल्यासारखा एकजीव होता. दहा मिनिटं सगुणाबाई नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांचीच बोटं मांडीवर हलायला लागली. शेवटी त्या उठल्या, हात धुतले आणि खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"सरक. असं वढू नगं. आडवं फाकव. गोळ्याचं आधी चार तुकडं कर, मग एकेक पिंज."

आणि त्या पिंजायला लागल्या. वर्षानुवर्षं लोकर पिंजलेली बोटं ती. दोन्ही अंगठ्यांनी गोळा मधून उकलायच्या, एक पदर सुटा झाला की ताईंच्या हातात द्यायच्या. ताई त्यावर लेप चोळायच्या आणि रुंद दातांच्या फणीनं खालून वर सोडवायच्या. दोघींच्यात बोलणं फारसं नव्हतं. "हं." "घे." "हितं त्याल लाव." मोनिका मान खाली घालून बसली होती. मधेच तिचे खांदे हलले. ताईंनी वाकून पाहिलं, तर ती रडत होती.

"दुखतंय का गं?"

"न्हाई. आत्याबाईंनी इतक्या दिवसांत डोक्याला हात लावला न्हवता."

सगुणाबाईंचे हात क्षणभर थांबले. "भ्याले होते, बाय," त्या म्हणाल्या. "तुला काय झालं तर लेकराचं कसं व्हायचं, म्हनून भ्याले होते." आणि पुन्हा बोटं चालू लागली.

पहिल्या दिवशी दोन तुकडे सुटले. दुसऱ्या दिवशी आक्काबाई दारात येऊन गेल्या. कोप व्हईल, असं म्हणाल्या. सगुणाबाईंनी मान वर न करताच उत्तर दिलं, "देवीला माझी मेंढरं ठावं हायती, मी बी ठावं हाय. गुता सोडवला म्हनून ती कशाला कोपंल?" 

तिसऱ्या दुपारी शेवटचा पदर सुटला. टोपलीत गळालेल्या केसांचा ढीग पडला होता. ताईंनी मोनिकाला लगेच सांगितलं, "हे आज तुटल्यालं न्हाईत. दीड महिन्यात गळाल्यालं आत अडकून पडलं होतं." मगच पाणी घेतलं. सौम्य शाम्पू, पुन्हा लेप, वीस मिनिटं गरम पंचा, आणि शेवटच्या मगात लिंबू पिळलेलं पाणी, क्षार धुऊन निघावेत म्हणून. शेंडे चार बोटं कापावे लागले. तेव्हा ताईंनी कात्री हातात घेऊन सगुणाबाईंकडं पाहिलं.

"काप की," त्या म्हणाल्या. "लोकर कातरल्याबिगर नवी येतीया व्हय?"

मोनिका पुढच्याच आठवड्यात कामावर आली, टोपी घालून. ताईंनी तिला सैल वेणी घालून झोपायची आणि आठवड्यातून एकदा जवस लावायची शिस्त लावली होती. ती तिनं पाळली.

ह्या गोष्टीचा बोलबाला झाला. लांबच्या भांडगावापासून बायका यायला लागल्या. त्यात एकदा साखरबाई नावाची एक बाई आली. तिची जट नऊ वर्षांची होती, कमरेपर्यंत लोंबणारी, दगडासारखी कडक. मान वाकडी झाली होती. ताईंनी तेल लावून पाहिलं, दोन्ही बाजूंनी चाचपलं. सगुणाबाईंनाही बोलावून घेतलं. त्यांनीही चाचपून नकाराची मान हलवली.

"हे सुटणार न्हाई," ताईंनी तिला स्पष्ट सांगितलं. "लेपाचं काम गुंत्यापुरतं. हे कापावंच लागंल. घाई न्हाई. घरी जा, इच्यार करा. तुमचं डोकं हाय, तुम्ही ठरवा."

साखरबाई पंधरा दिवसांनी परत आली, एकटीच. खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "काप." कापल्यावर ती उठली, तर तोल जाऊन पुढंच झुकली. इतक्या वर्षांचा भार एकदम गेला होता. ताईंनी तिला धरलं, आरशापुढं नेलं. तिनं आरशात पाहिलंच नाही. मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं.