गालावरचं बोट

अकोल्यात बापाच्या हारांच्या दुकानामागे दर रविवारी पौर्णिमा मित्रांना फाशांवरचा कथेचा खेळ खेळवायची. आज पोरं खेळातल्या रूप बदलायच्या दोन मंत्रांवरून भांडत होती. पहिल्यानं रूप नुसतं दिसायला बदलतं, हात लावला की पितळ उघडं पडतं; दुसऱ्यानं अंगच बदलतं.

"पयलाच घ्या," शुभम म्हणाला. "हात लावून कोन पायते?"

पौर्णिमानं ओढणीनं गाल पुसला. कालच तेल्हाऱ्याची मंडळी तिला पाहायला आली होती. मामानं त्यांना तिचा फोटो गोरा करून धाडलेला. मुलाच्या आईनं बोटाला थुंकी लावून तिचा गाल खसाखसा घासला, पावडर निघते का बघायला. घरातल्या सगळ्या शहाण्यांनी तिला आणखी पोहे वाढले.

"पायतेत ना," गाल पुन्हा ओढणीनं पुसत ती म्हणाली. "थुंकी लावून पायतेत."