शंकासुराचा अहवाल

ऑफिसात त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कामात चुका शोधणाऱ्या माणसाला लोकांनी याहून वाईट नाव ठेवलं नाही, हेच नशीब. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचं, चहा गार झालाय म्हणून सांगितलं तरी फुंकर मारायची, ही त्याची तऱ्हा.

कंपनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. हॉस्पिटलच्या संगणकाने विचारायचं, या गटाची पिशवी आहे का, आणि रक्तपेढीच्या संगणकाने उत्तर द्यायचं. हे विचारणं-सांगणं ज्या खिडकीतून चालतं तिला एपीआय म्हणतात. शंकासुराचं काम त्या खिडकीशी उभं राहून वाकडे प्रश्न विचारण्याचं. रक्तगट लिहायचाच नाही, उणे तीन पिशव्या मागायच्या, एकच मागणी दोनदा धाडायची. सरळ प्रश्न तो सगळ्यात शेवटी विचारी. असे बाराशे प्रश्न त्याने चाचणीच्या एका जुन्या टूलमध्ये हाताने साठवले होते, आणि हा प्रश्न का विचारायचा याची दोन ओळींची टीप प्रत्येकाखाली लिहिली होती.

शेजारच्या खुर्चीवर त्याची भाची बसे, थोरल्या बहिणीची मुलगी. तीन वर्षांपूर्वी त्यानेच तिला इथे चिकटवलं, आणि वशिल्याची म्हणून कोणी बोट दाखवू नये यासाठी इतरांच्या दुप्पट राबवलं. पोरगी कुरकुरली, पण कामात मामाच्या तोडीची झाली.

मग नव्या टूलची हवा आली. एपीआयचं वर्णन त्याच्या पुढ्यात टाकलं की प्रश्न ते आपलं आपण बनवतं, विचारतं आणि निकालही लावतं. साहेबांनी शंकासुराला केबिनमध्ये बोलावलं.

"दोन्ही शेजारी शेजारी चालवून बघा. तुम्ही लिहाल तेच मी वर पाठवीन. फक्त एक सांगून ठेवतो, नवं घेतलं तर दोन माणसांचं काम उरणार नाही, एकालाच ठेवता येईल. आणि शेवटी आलेला आधी जातो, हे तुम्हाला माहीत आहे."

शेवटी कोण आलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मामा-भाचीला ज्याला चार दिवस लागत ते नवं टूल अकरा मिनिटांत उरकत होतं. बरं, उरकाउरकी म्हणावी तर तसंही नाही, चुका नेमक्या काढत होतं. शंकासुर त्याच्या हात धुऊन मागे लागला. आजवर तो चुका शोधत आला होता, पण चूक सापडू दे म्हणून मनातल्या मनात हात जोडायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात ती सापडली. पेढीत एकच पिशवी उरलीय आणि दोन हॉस्पिटलांनी एकाच क्षणी ती मागितली, तर काय होतं? जुन्या टूलने दाखवलं, की सर्व्हर, म्हणजे रक्तपेढीचा संगणक, दोघांनाही 'हो' म्हणतो. एकच पिशवी, दोन रोगी! नव्या टूलला यात काहीच वावगं दिसलं नव्हतं, ते हिरवा दिवा लावून मोकळं. शंकासुराने त्याच दुपारी अहवाल लिहिला: नवं टूल भरवशाचं नाही, जुनंच ठेवावं. मग रिवाजाप्रमाणे वाचायला भाचीकडे दिला. एकाचं लिखाण दुसऱ्याने तपासल्याशिवाय वर जायचं नाही, हा नियम त्यानेच घालून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मामा, एक बघ ना. या चाचणीत नवं टूल कुठल्या सर्व्हरला विचारत होतं?"

स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते. कोणाला विचारायचं ते तिथे निवडायचं. एक नाव चाचणीच्या खऱ्या सर्व्हरचं. दुसरं नकली सर्व्हरचं. तो नवशिक्यांना दाखवायला खुद्द शंकासुराने बनवला होता. त्याला उत्तरं पाठ होती, आणि सगळी बरोबर: पहिल्याला 'हो', दुसऱ्याला 'नाही'. नवं टूल हाताळायच्या सरावासाठी शंकासुराने चौकटीत या नकलीचं नाव टाकलं होतं, आणि परत बदलायचं राहून गेलं. जन्मभर सगळ्यांवर शंका घेणाऱ्याने स्वतःला हव्या असलेल्या उत्तरावर मात्र घेतली नाही.

"खऱ्यावर चालवलंस?"

"चालवलं. चार सेकंदांत पकडलं नव्या टूलने."

"कधी कळलं तुला?"

"काल संध्याकाळीच. सांगू की नको करत सकाळ झाली."

"मग सांगायचं नव्हतंस!" तो बोलून गेला, आणि स्वतःचीच त्याला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"तशी असते तर तू मला शेजारी बसवलंच नसतंस," ती म्हणाली. "बदल ते, मामा. मी परत वाचते."

त्याने अहवाल नव्याने लिहिला, तिने वाचला, एक आकडा दुरुस्त केला. तो घेऊन शंकासुर केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "तिला ठेवा, मला काढा."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी पाणी पुढे केलं. "तुमच्या टिपा तुमच्याशिवाय कोणाला कळतात? आणि नियम काय तुमच्यासाठी वाकवू?"

उरलेला महिना भाचीने त्याचे बाराशे प्रश्न नव्या टूलमध्ये भरले आणि ते चालवायला मामाला शिकवलं. त्याला ते पटकन जमत नव्हतं. "अरे, उजवीकडचं बटण," ती सांगे, तो वहीत लिहून घेई, आणि तासाभराने पुन्हा तेच विचारी. शेवटच्या दिवशी चार जण उभ्याउभ्या चांगलं बोलले. ती आपला कप आणि चपलांचा जोड पिशवीत टाकून निघून गेली.

घरी तिने एवढंच सांगितलं होतं, की कंपनीने माणसं कमी केली. रविवारी सकाळी बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, गुडघेदुखी झाली, मग तिने विचारलं,

"तू तिथेच होतास ना रे? तुझ्या हातात काहीच नव्हतं?"

नव्हतं म्हणाला असता तर तिला पटलं असतं. पोरीनेही त्याला कधी उघडं पाडलं नसतं.

"होतं, ताई," तो म्हणाला.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत राहिला. मग तिने फोन ठेवला.