मोरपंखी कव्हर

पुस्तक वाचून संपल्याशिवाय त्याला कव्हर घालायचं नाही, असा आमच्या थोरल्या जाऊबाईंचा नेम होता. मी त्यांना आक्का म्हणायचे. "आत काय हाय ते ठावं नसताना वरनं कापड कसं निवडायचं गं?" असं त्यांचं म्हणणं.

कळंबला आमच्या वस्तीतल्या विहारात पुस्तकांचं एक लाकडी कपाट होतं. वर्षावासाचे तीन महिने तिथं संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं, आणि वाचायच्या आक्का. पावसाळी ओल आणि इतक्या जणांचे हात, पुस्तकांची पार दैना व्हायची. मग आक्कांनी आपण होऊन कव्हरं घालायचं काम अंगावर घेतलं आणि मला हाताखाली घेतलं. मंचरच्या साडीच्या दुकानातल्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा, शिंप्याकडची चिंधकं आणि मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे झुरळं लागत नाहीत. एकदा मी विसरले, तर झुरळांनी कडा कुरतडून ठेवल्या. आक्का म्हणाल्या, "तुज्यापरास झुरळांनी जास्त वाचलं बघ." खळ लावलेलं पुस्तक वाटणाच्या पाट्याखाली दाबून ठेवायचं. पाटा अडकला की वाटण बंद आणि सासूबाईंचं तोंड सुरू.

दोन हजार सालच्या आसपास कुणीतरी विहाराला एक जाडजूड कादंबरी दिली. ज्यांनी ज्यांनी नेली त्यांनी आठवड्यात परत आणून ठेवली. कोण बोलतंय ते कळायचं नाही, गोष्ट मध्येच मागच्या काळात जायची, एकेक वाक्य पान उलटलं तरी संपायचं नाही. माझा स्वभाव तापट. थोडं वाचून मी पुस्तक आपटलंच. "ह्याला सरळ सांगाया काय झालं व्हतं?"

"आपलं मन तरी कुटं सरळ चालतंय?" आक्का म्हणाल्या. "परत वाच. हळू."

दुपारी बाकीचं घर टीव्हीवरच्या हिंदी मालिकेपुढं बसलं की आम्ही दोघी मागच्या पडवीत. मी मोठ्यानं वाचायचे, त्या दुसऱ्या पुस्तकांना खळ लावता लावता ऐकायच्या. पानापानाला आमचं भांडण. कादंबरीतली बाई खरंच घर सोडून गेली, की तिनं तसं नुसतं मनात आणलं, यावरून तर मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नव्हते. मग भाकरी थापताना मला एकदम उलगडलं आणि पिठाच्या हातानं तशीच सांगायला धावले. आक्का हसल्या, "आता कसं." लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मी इतकी सुखात कधी नव्हते.

कादंबरी निम्म्यावर आली आणि आक्कांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. एसटीत खिडकीला डोकं टेकून त्या म्हणायच्या, "डाक्टर काय का म्हणंना, ह्या बाईचा शेवट ऐकल्याबिगर मी जायाची न्हाई." ते बोलणं मी मनात घट्ट धरलं आणि हळू वाचायला लागले. कधी अर्ध्या पानावर थांबायचे, कधी कालचंच परत वाचायचे. त्यांच्या ध्यानात आलं नसेल असं कसं होईल? एकदा डोळे मिटूनच म्हणाल्या, "वाच तुज्या बेतानं. मला बी घाई न्हाई."

मंचरच्या बाजारातून मी त्यांना एक मोरपंखी ब्लाउजपीस आणला होता. बरं वाटलं की शिवून घ्या, म्हटलं. त्यांनी तो उशाशी ठेवला होता. एका दुपारी शेतातून आले तर पडवीत पाटा मांडलेला आणि त्याखाली ती कादंबरी. कव्हर मोरपंखी, कोपरे नेहमीसारखे नीट दुमडलेले. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, बोटांवर खळ वाळत चाललेली. पाटा सासूबाईंनी उचलून दिला होता, एका शब्दानं न कुरकुरता.

माझं डोकंच फिरलं. "अजून पानं ऱ्हायल्यात, आक्का. आन् हे कापड तुमचं व्हतं."

"ते शिवून आता मी कुटं घालणार हाय?" त्या म्हणाल्या. "कव्हर माज्या हातचं आसू दे. ऱ्हायलेलं तू वाच."

मी पाट्याशेजारी बसून रडले. त्यांनी पदराला हात पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

त्यानंतरही आम्ही रोज थोडं वाचलं. शेवटची पानं राहिली ती राहिलीच.

सगळं उरकल्यावर, पाहुणे गेल्यावर, एका दुपारी मी पडवीत बसले आणि उरलेलं मोठ्यानं वाचून काढलं. शेवट लई अवघड होता. ती बाई परत आली, की दारातूनच वळली, मला काही कळेना. मी पुस्तक मिटलं आणि सवयीनं, आक्का काय म्हणतात ते ऐकायला थांबले.